उसाचं दुखणं कळतं, मग लेकराचं का कळू नये?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,



मी इंदापूर तालुक्यातल्या डाळजची. पुण्याहून सोलापूरकडे निघालं, की भिगवण मागे पडल्यावर डाव्या हाताला उजनीचं पाणी दिसू लागतं, तिथलं हे गाव. चोवीस वर्षं मी अंगणवाडी सेविका होते, नुकतीच निवृत्त झाले. आमच्या भागातली शेकडो लेकरं मी या हातांनी वजनकाट्यावर ठेवली आहेत. त्यांतल्या एका लेकरापायी हे पत्र लिहिते आहे. पत्र खुलं आहे, कारण बंद पाकिटातल्या अर्जाला पोच मिळते, उत्तर मिळत नाही, हे चोवीस वर्षांत मला चांगलं कळलं आहे.

त्या मुलाचं नाव मी लिहीत नाही. वडील महामार्गावरच्या एका ढाब्यावर कामाला. आई आत्याच्या घरात दिलेली, म्हणजे नवरा-बायको नात्यातले. मूल जन्मलं तेव्हा तीन किलोच्या वर होतं. पहिल्या वर्षी त्याचा वाढीचा तक्ता इतका सुरेख चढत होता, की मी तो दुसऱ्या आयांना दाखवायचे, ‘असं बाळ हवं’ म्हणायचे. ते आठवलं की आजही मान खाली जाते. कारण त्या तक्त्यावर सगळं हिरवं असताना आत काय चाललं होतं, ते मला कळलं नाही. ज्यांना कळायला हवं होतं, त्यांनाही कळलं नाही.

सहाव्या महिन्यापासून नाक सतत वाहायचं, झोपेत घरघर व्हायची. डॉक्टरांनी सर्दीचं औषध दिलं. बेंबी बाहेर आली, मग जांघेत फुगवटा आला. अकराव्या महिन्यात हर्नियाचं ऑपरेशन झालं. बसायला लागला तर पाठीत खाली उंचवटा दिसायचा. कोणी म्हणालं मुडदूस आहे, ड जीवनसत्त्वाचे थेंब सुरू झाले. पोट मोठं दिसायचं म्हणून जंताचं औषध. हाक मारली तर वळायचा नाही म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे, तिथे कानात पाणी निघालं. घरातली म्हातारी म्हणायची, चेहरा आजोबांवर गेलाय, थोराड आहे. आई देवाला नवस बोलत राहिली आणि कागदांची पिशवी फुगत गेली. पाच ठिकाणी पाच दुखण्यांवर पाच उपचार झाले, आणि त्यांतला एकही तसा चुकीचा नव्हता. पण ही पाचही दुखणी एकाच झाडाच्या फांद्या आहेत, हे कोणी म्हटलं नाही.

ते म्हटलं गेलं मूल तीन वर्षं चार महिन्यांचं झाल्यावर. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात आई कानाच्या विभागाबाहेर नंबर लावून बसली होती. शेजारून जाणारी एक तरुण शिकाऊ डॉक्टर थांबली. तिने मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, खाली बसली आणि विचारलं, ‘याची बोटं पूर्ण सरळ होतात का?’ होत नव्हती. लघवीची तपासणी झाली, रक्तातल्या एन्झाइमची झाली, आणि आजाराला नाव मिळालं: म्युकोपॉलिसॅकरिडोसिस, पहिला प्रकार, तीव्र स्वरूपाचा. शरीरातल्या साखरेच्या काही लांब साखळ्या तोडणारं एक एन्झाइम या मुलांत नसतं. न तुटलेला तो साठा यकृतात, हाडांत, कानात, हृदयाच्या झडपांत, मेंदूत जमत जातो. सर्दी, हर्निया, पाठ, पोट, कान, सगळं एकाच कारणाचं.

महोदय, आता मी आपल्याला एक प्रश्न विचारणार आहे. केंद्र सरकारचं राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण मार्च २०२१ मध्ये आलं. त्यात एकदाच उपचार करून फरक पडू शकेल अशा आजारांचा पहिला गट आहे. या मुलाचा आजार त्यात आहे. उपचार म्हणजे दुसऱ्याच्या मूळ पेशी घेऊन केलेलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण. पण त्यापुढे अट लिहिली आहे: वयाची पहिली दोन वर्षं. अट वैद्यकशास्त्राची आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. मेंदूत एकदा साठलेलं मागे फिरत नाही, हे मला समजावून सांगितलं गेलं आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की दोन वर्षांच्या आत मूल ओळखलं जावं यासाठी डाळजसारख्या गावात आपण कोणती व्यवस्था उभी केली? धोरणात मुदत लिहिली, पण त्या मुदतीत मूल शोधण्याचं काम कोणाकडे दिलं?

आमच्या शेजारी पळसदेवला पळसनाथाचं जुनं देऊळ आहे. उजनी भरली की ते पाण्याखाली जातं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की शिखर दिसतं, मग सभामंडप, आणि लोक फोटो काढायला येतात. देऊळ बाराही महिने तिथेच असतं. आमच्या लेकरांचे आजारही असेच आहेत. पहिल्या महिन्यापासून तिथेच असतात, दिसतात मात्र सगळं ओसरून गेल्यावर. देवळाचं ठीक आहे, ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबतं.

आपण म्हणाल, इतका दुर्मिळ आजार गावपातळीवर कसा ओळखणार? हे उत्तर मला मान्य नाही, आणि का नाही ते बारामतीकडे बोट दाखवून सांगते. डाळजहून भिगवणमार्गे बारामती तासाभराची वाट. तिथल्या कृषी विकास ट्रस्टने उसाच्या शेतात कृत्रिम बुद्धिमत्ता आणली. जमिनीत सेन्सर, वर उपग्रह, बांधावर हवामान यंत्र, आणि शेतकऱ्याच्या मोबाईलवर मराठीत निरोप: या कोपऱ्यात पाणी कमी आहे, त्या पट्ट्यात कीड दिसते आहे. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी २०२५ च्या सुरुवातीला हे काम जगापुढे मांडलं. जून २०२५ मध्ये आपल्याच मंत्रिमंडळाने महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं आणि त्यासाठी ५०० कोटींची तरतूद ठरवली. पोलिसांसाठी तर २०२४ मध्येच कृत्रिम बुद्धिमत्तेचं काम करणारी ‘मार्वल’ नावाची कंपनी उभी राहिली. मला याचा हेवा नाही. आमच्याही घरी ऊस आहे. उसाच्या पानावरचा डाग आकाशातून ओळखावा असं आपल्याला वाटलं, हे चांगलंच झालं. मग लेकराच्या चेहऱ्यावरचं लक्षण हातभर अंतरावरून ओळखावं, असं वाटायला काय आडवं आलं?

आणि चेहरा ओळखणारं यंत्र आमच्या हातात नव्हतं, असंही नाही. मार्च २०२१ पासून आम्ही पोषण ट्रॅकर या ॲपवर काम करतो. दर महिन्याला प्रत्येक मुलाचं वजन-उंची त्यात भरतो. जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थ्याचा चेहरा मोबाईलने ओळखल्याशिवाय पाकीट देता येत नाही. रेंज नसली तर बाई मूल कडेवर घेऊन उन्हात उभी राहते, कॅमेऱ्यासमोर मान इकडे-तिकडे करते. आहार चुकीच्या हातात जाऊ नये म्हणून आईचा चेहरा तपासायला यंत्रणा आहे. त्याच आईच्या कडेवरच्या मुलाचा चेहरा मात्र कोणी तपासत नाही. ही व्यवस्था आम्हाला मोजायला शिकली आहे, ओळखायला नाही. पोषण ट्रॅकर आपल्या खात्याचा नाही, महिला व बालविकासाचा आहे, हे मला ठाऊक आहे. पण मूल एकच असतं, ते खात्यांत वाटलं जात नाही.

त्या मुलाच्या नोंदी माझ्याकडे होत्या. पहिल्या वर्षी भरभर वाढ, दुसऱ्या वर्षानंतर उंची जवळपास थांबलेली, वजन ठीक. ॲपच्या हिशोबाने मूल तीव्र कुपोषित नाही, म्हणून ते कधी लाल झालं नाही. माझ्या वहीत मात्र शेजारी लिहिलेलं होतं: सर्दी, पुन्हा सर्दी, हर्निया ऑपरेशन, पाठ, कान. वहीतला मजकूर कोणी वाचला नाही. पाच डॉक्टरांचे पाच केसपेपर आणि माझी वही एकत्र ठेवली असती तर उत्तर त्यातच होतं.

विखुरलेल्या खुणा एकत्र ठेवणं, हेच काम ही नवी यंत्रं करतात. मी शास्त्रज्ञ नाही, पण या मुलापायी मी वाचलं, विचारलं, समजून घेतलं. जानेवारी २०१९ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात एका संगणक प्रणालीचा अहवाल आला. रुग्णांच्या सतरा हजारांहून अधिक छायाचित्रांवरून ती दोनशेहून अधिक जनुकीय आजारांच्या चेहऱ्यावरच्या खुणा शिकली होती. नवं छायाचित्र दाखवलं की ती दहा संभाव्य नावं सुचवायची, आणि शंभरातल्या एक्याण्णव वेळा खरं नाव त्या दहांत असायचं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या रॅडी बालरुग्णालयातल्या मंडळींनी दाखवलं, की अत्यवस्थ बाळाचा केसपेपर संगणकाने वाचून लक्षणं वेगळी काढली आणि बाळाच्या जनुकांशी ताडली, तर एका दिवसाच्या आत निदानापर्यंत जाता येतं. सात वर्षं होत आली या गोष्टींना. आपल्या खात्यात त्या कोणी वाचल्या नसतील, असं मी मानत नाही.

दहा नावं म्हणजे निदान नव्हे, हेही मला कळतं. निदान डॉक्टरच करतील, प्रयोगशाळाच करील. पण पहिलं गाव ओलांडायलाच आमची वर्षं जातात. हर्नियाच्या ऑपरेशननंतर पुन्हा सर्दीचं औषध देणाऱ्या डॉक्टरांपुढे संगणकाने एवढीच ओळ दाखवली असती, ‘सर्दी, हर्निया, पाठीचा उंचवटा आणि मोठं पोट एकत्र दिसत आहे, अमुक तपासणीचा विचार करा’, तर पुढचे महिने वेगळे गेले असते. मूल तेव्हा चौदा महिन्यांचं होतं. धोरणाने दिलेल्या मुदतीतले दहा महिने शिल्लक होते. पुण्यात भेटलेल्या त्या तरुण डॉक्टरचे डोळे त्या दिवशी तिथे नसते, तर? असा सराव झालेले डोळे राज्यात मोजके आहेत आणि ते मोठ्या शहरांत आहेत. ते डोळे भिगवणच्या ओपीडीपर्यंत पोहोचवायचे, तर दुसरा कोणता मार्ग आपल्याकडे आहे? असेल तर सांगा, मी यंत्राचा आग्रह सोडते.

यंत्राचं कौतुक करून आपण मोकळे व्हाल, ही भीतीही मला आहे. म्हणून दुसरी बाजूही सांगते. असं यंत्र ज्या चेहऱ्यांवर शिकतं, तेच चेहरे त्याला नीट ओळखता येतात. २०१७ मध्ये काँगोतल्या डाउन सिंड्रोमच्या मुलांवर अशी प्रणाली चालवून पाहिली, तर युरोपीय मुलांत जिथे शंभरातली ऐंशी ओळखली गेली, तिथे काँगोतली चाळीससुद्धा ओळखली गेली नाहीत. स्थानिक मुलांच्या छायाचित्रांवर तिला पुन्हा शिकवलं, तेव्हा ती सुधारली. मग आमच्या मुलांचे चेहरे तिला कोण शिकवणार? जीनोम इंडिया प्रकल्पाने दहा हजार भारतीयांच्या जनुकांचा साठा जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुला केला. त्या साठ्याचा उपयोग महाराष्ट्रातल्या आजारी मुलांसाठी व्हावा म्हणून आपल्या खात्याने कोणतं पाऊल उचललं? परदेशी कंपनीचं तयार सॉफ्टवेअर आणून फीत कापली, म्हणजे काम झालं असं होणार नाही. आधी इथल्या मुलांवर, इथल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते तपासा, आणि ते कुठे चुकतं हेही जाहीर करा.

आणि मुलाचं छायाचित्र कोणाच्या ताब्यात राहील, हे आईला मराठीत सांगा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. आमच्याकडे संमती म्हणजे ‘इथे अंगठा लावा’ असं झालं आहे. आजारी मुलाची आई कशालाही हो म्हणते. तिच्या या हो म्हणण्याचा कोणी फायदा घेऊ नये, ही जबाबदारी आपली आहे.

आता आश्वासनांविषयी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला, तो आपल्याच राज्यातल्या पालघरमधून. जन्मतः व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब या चार गोष्टी शून्य ते अठरा वयात शोधायच्या, वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत पथक यायचं, असं ठरलं. पथकातल्या डॉक्टर मंडळींनी कष्ट घेतलेले मी पाहिले आहेत. फाटलेले ओठ शिवले गेले, हृदयाची ऑपरेशनं झाली, ती मुलं आज शाळेत जातात. पण त्यांच्या हातात यादी आहे सुमारे तीस आजारांची, आणि दुर्मिळ आजार आहेत सात-आठ हजार. यादीत नसलेलं मूल तपासणीतून निसटतं, आणि निसटलं की निरोगी मोजलं जातं. बारा वर्षांहून अधिक काळ झाला. यादीबाहेरच्या मुलासाठी ‘संशयित, पुढे पाठवा’ एवढा एक रकाना वाढवायला किती वर्षं लागतात?

दुर्मिळ आजारांचं पहिलं धोरण २०१७ मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी गुंडाळून ठेवलं गेलं. दुसरं यायला २०२१ उजाडलं. सुरुवातीला नेमलेल्या आठ उत्कृष्टता केंद्रांत महाराष्ट्राच्या वाट्याला एकच आलं, मुंबईचं केईएम रुग्णालय. डाळजहून ते अडीचशे किलोमीटरच्या पलीकडे आहे. ढाब्यावर काम करणाऱ्या माणसाचा रोज बुडतो, सोबतीला आणखी एक माणूस लागतो, आणि मुंबईत रात्र काढायची तर पदपथ असतो. मे २०२२ मध्ये मदतीची मर्यादा ५० लाखांपर्यंत वाढवली, हे चांगलं झालं. पण औषध म्हणून जन्मभर, वजनाच्या प्रमाणात घ्यावं लागणारं एन्झाइम या रकमेत किती दिवस पुरतं, हे आपल्याला माहीत आहे. मूल वाढतं तशी मात्रा वाढते. पैसे संपल्यावर काय करायचं, याचं ठोस उत्तर धोरणात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने राष्ट्रीय दुर्मिळ आजार निधी उभारायला सांगितलं, दोन वर्षांसाठी ९७४ कोटींचा आकडाही दिला. आईबापांना न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, तेव्हा हा आकडा कागदावर आला.

‘हा विषय केंद्राचा’ असं कृपया म्हणू नका. सार्वजनिक आरोग्य राज्यघटनेच्या राज्यसूचीत आहे. शिवाय याच धोरणाने विशेष आहार, संप्रेरकं किंवा तुलनेने कमी खर्चात आटोक्यात राहणाऱ्या आजारांचा दुसरा गट राज्यांनी सांभाळण्याचा विचार करावा, असं म्हटलं आहे. महाराष्ट्राने त्या गटातल्या किती मुलांना, कोणत्या योजनेतून, काय दिलं? हा आकडा आपण जाहीर करावा. मला शोधून सापडलेला नाही, आणि मी शोधायला कमी केलेलं नाही.

काही गोष्टींना तर कृत्रिम बुद्धिमत्ताही लागत नाही. जन्मजात थायरॉइडची कमतरता आपल्या देशात साधारण हजार बाळांमागे एकाला असते. जन्मानंतर टाचेतून रक्ताचे थेंब गाळण कागदावर घेतले की कळते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल चारचौघांसारखं वाढतं. उशीर झाला तर बुद्धी मागे राहते, आणि ती पुन्हा येत नाही. गोळी काही रुपयांची असते. १९६० च्या दशकापासून जग हे टाचेचं रक्त तपासतं आहे. शेजारच्या गोव्याने २००८ मध्ये सरकारी रुग्णालयांत जन्मणाऱ्या बाळांसाठी अशी तपासणी सुरू केली होती. महाराष्ट्रात प्रत्येक बाळाची ती का होत नाही? यंत्राचं नाव मोठं आणि टाचेच्या थेंबाचं लहान, म्हणून हे काम मागे ठेवू नका. दोन्ही एकाच धाग्याची टोकं आहेत. वेळेवर घेतलेला थेंब आणि वेळेवर जोडलेल्या खुणा, यांखेरीज आईच्या हातात काहीच नसतं.

नाव कळण्याचं मोल औषधापुरतं नसतं, हेही सांगते. असे बरेच आजार आई आणि बाप दोघांकडून आलेल्या सदोष जनुकामुळे होतात, आणि तसं असलं तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता राहते. आमच्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं, ते प्रेमाने होतं, पण अशा आजारांची शक्यता त्याने वाढते. त्या मुलाची धाकटी बहीण जन्मली तेव्हा थोरल्याच्या आजाराला अजून नाव नव्हतं. नाव कळल्यावर तिची तपासणी होईपर्यंतचे दिवस त्या घरात चूल कशी पेटली, मी पाहिलं आहे. सुदैवाने ती निरोगी निघाली. पण महोदय, सुदैवावर सरकारी कार्यक्रम चालतो का? थोरल्याचं निदान वेळेवर झालं असतं, तर पोटातल्या बाळाचीच तपासणी करून घेण्याचा पर्याय त्या बाईला मिळाला असता. तो तिचा हक्क होता. तो तिच्यापासून कोणी हिरावला नाही, पण तो आहे, हेच तिला कोणी सांगितलं नाही.

म्हणून मी मागते आहे ते मोघम नाही. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे आठवड्यातून एक दिवस जनुकीय आजारांची ओपीडी सुरू करा आणि ती केईएमच्या तज्ज्ञांशी दूरदृश्य पद्धतीने जोडा. इंदापूर आणि बारामती या दोन तालुक्यांत आधी प्रयोग करा: अंगणवाडीच्या नोंदी, बाल स्वास्थ्य पथकाची तपासणी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे केसपेपर आईच्या लेखी संमतीने एका जागी आणा. खुणा जोडून दाखवणारी प्रणाली डॉक्टरांच्या हाती द्या, आणि तिने पुढे पाठवलेलं प्रत्येक मूल तीस दिवसांच्या आत तज्ज्ञाने पाहिलंच पाहिजे असा नियम करा. नुसतं बोट दाखवणारं आणि रस्ता न देणारं यंत्र आम्हाला नको. किती मुलं पाठवली, कितींचं निदान झालं, कितींना उपचार मिळाला, किती वेळा यंत्र चुकलं, हे दर वर्षी फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी, दुर्मिळ आजार दिनाला, जाहीर करा. आणि अंगणवाडी सेविका व आशाताईंना दोन दिवसांचं प्रशिक्षण द्या. आम्ही शिकतो. चेहरा ओळखायचं ॲप आम्ही शिकलो, तर चेहऱ्यावरची खूण का शिकणार नाही?

ते मूल आता सहा वर्षांचं आहे. हात वर जात नाहीत म्हणून आई खाली बसून त्याला सदरा घालते. कानाला यंत्र आहे. शाळेच्या कुंपणाशी उभं राहून मुलांचा खेळ बघतं, आणि मी दिसले की हसतं. ज्या काट्यावर मी त्याला तोललं, त्या काट्याने त्याच्याविषयी सगळं बरं सांगितलं होतं. त्याच्यासाठी आता फार करता येणार नाही, हे त्याच्या आईला कळलं आहे. आपण या पत्राला उत्तर दिलंत, तरी ते त्याच्या उपयोगाचं नाही.

उपयोगाचं आहे ते दुसऱ्या कोणाच्या. आमच्या आशाताईंच्या वहीत या महिन्यात जन्मलेल्या बाळांची नावं चढली आहेत. त्यांतलं कोणतं मूल तसं आहे, किंवा एकही नाही, हे मला ठाऊक नाही, आपल्यालाही नाही. पण असेल, तर सरकारच्याच कागदाने त्याला चोवीस महिने दिले आहेत, आणि त्यांतले काही दिवस हे पत्र आपल्या टेबलावर पोहोचेपर्यंतच गेले. माझी जुनी वही मी जपून ठेवली आहे. आपल्या खात्यातून कोणी पाहायला येणार असेल, तर घर महामार्गापासून चालत पाच मिनिटांवर आहे.

कळावे.

आपली,
डाळज येथील एक निवृत्त अंगणवाडी सेविका